वाचकांचे प्रश्न : पावसाळा, वीज आणि घरातला फ्रिज

पावसाळा सुरू झाला की फ्रिजविषयीची पत्रे वाढतात, आणि यंदाही तसेच झाले आहे. तक्रारी शॉक बसण्यापासून डासांपर्यंत वेगवेगळ्या असल्या, तरी बहुतेकींच्या मुळाशी ओल आणि वारंवार जाणारी वीज याच दोन गोष्टी आहेत. म्हणून निवडक पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तो जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न : आमचा फ्रिज आठ वर्षांचा आहे. पाऊस लागला की त्याच्या दाराला हात लावताच झिणझिण्या येतात. मेकॅनिक म्हणाला, ‘पावसात एवढे चालायचेच, पायात रबरी चप्पल घाला.’ घर जुने असल्यामुळे तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये बसवला आहे. काळजीचे कारण आहे का?
– एक वाचिका, चिपळूण

उत्तर : आहे, आणि हे वाचून होताच पहिले काम फ्रिज बंद करण्याचे आहे. हात-पाय कोरडे करून भिंतीवरचे बटण बंद करावे, मग प्लग काढावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो पुन्हा लावू नये. त्यापायी आतले दूध नासले तरी हरकत नाही. बटणाच्या बोर्डावरच ओल आली असेल, तर त्याला हात न लावता आधी घराचा मेन स्विच बंद करावा.

झिणझिण्या येतात याचा अर्थ आतल्या विजेला कुठून तरी पत्र्यापर्यंत वाट सापडली आहे. कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे आवरण जुने झाले असेल, उंदराने मागची वायर कुरतडली असेल, थर्मोस्टॅटच्या जोडात ओल शिरली असेल, किंवा फ्रॉस्ट फ्री प्रकारचा फ्रिज असल्यास बर्फ वितळवणारा हीटर खराब झाला असेल. असा दोष चांगल्यातल्या चांगल्या फ्रिजमध्येही कधी तरी उद्भवू शकतो, आणि म्हणूनच त्याच्या प्लगला तिसरी पिन दिलेली असते. ही जाड पिन फ्रिजच्या पत्र्याला जोडलेली असते. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब असल्यामुळे प्लग लावताना सर्वांत आधी जुळते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. पत्र्यावर उतरलेली वीज माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी तिच्या वाटेने जमिनीत जावी, एवढ्यासाठीच ती असते. आपल्या अडॅप्टरने नेमकी हीच वाट बंद केली आहे. उन्हाळ्यात फरशी कोरडी असते म्हणून हे जाणवत नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले की शरीरच ती वाट होते. आज झिणझिण्यांवर निभावत असले, तरी दोष वाढला किंवा नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून लहान मूल पाणी घ्यायला गेले, तर तेवढ्यावर निभावेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. चपलेचा सल्ला म्हणूनच आम्हाला अत्यंत बेजबाबदार वाटतो.

आता वायरमनला बोलवाल तेव्हा भिंतीत तीन छिद्रांचे सॉकेट बसवून घेण्यावर समाधान मानू नका. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे वायरच नसते. त्याला मीटर लावून मोजायला सांगावे : फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जेवढा दाब दिसतो, साधारण तेवढाच, म्हणजे २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थिंग, म्हणजे तिसरे छिद्र, यांच्यामध्येही दिसला पाहिजे. हे मोजताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावे. काही जण वेळ वाचवण्यासाठी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरच्या तुकड्याने जोडून देतात. मीटरवर आकडा बरोबर येतो, पण पुढे कधी न्यूट्रलची तार तुटली तर फ्रिजचा संपूर्ण पत्रा थेट फेजवर येतो, म्हणजे अर्थिंग नसण्यापेक्षाही हे घातक आहे. सॉकेट उघडे असतानाच आत डोकावून खात्री करून घ्यावी. नळाच्या पाइपला अर्थिंगची वायर बांधणे हाही उपाय नव्हे. मध्ये प्लास्टिकचा पाइप जोडलेला असेल तर वीज जमिनीपर्यंत जातच नाही आणि नळाला हात लावणाऱ्याला शॉक बसतो.

याच भेटीत मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. घरात एमसीबी आहे म्हणून पुष्कळ लोक निर्धास्त असतात, परंतु एमसीबी भार जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झाले तरच पडतो. माणसाचा जीव घेण्याला त्याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. आरसीसीबी मात्र गेलेला प्रवाह परत येतो की नाही हे पाहत असतो आणि फरक दिसताच क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर ‘टेस्ट’चे लहानसे बटण असते, ते अधूनमधून दाबून पाहावे.

एवढे झाल्यावरही फ्रिजमधला मूळ दोष शिल्लकच असतो. मेकॅनिककडून मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा कस तपासणारे मीटर, लावून गळती कुठे आहे ते शोधून घ्यावे, आणि दुरुस्तीनंतर फ्रिज थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडावा. एक्स्टेन्शन बोर्डावर, त्यातही मिक्सर किंवा इस्त्रीच्या शेजारी, फ्रिज लावू नये.

प्रश्न : आमच्याकडे वीज चार-पाच तास जाते, कधी रात्रभर येत नाही. फ्रिजमधले काय ठेवावे आणि काय टाकावे? आम्ही वास घेऊन ठरवतो.
– एक वाचक, परभणी

उत्तर : दार अजिबात न उघडल्यास खालच्या भागातला थंडावा साधारण ४ तास टिकतो. गच्च भरलेले फ्रीजर ४८ तास आणि अर्धे भरलेले २४ तास तग धरते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. तो स्वतंत्र दाराच्या फ्रीजरचा आहे, एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या लहान कप्प्याचा नव्हे. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, गळ्यापाशी थोडी जागा सोडून, गोठवून ठेवाव्यात. वीज गेल्यावर त्यातल्या दोन दुधाशेजारी ठेवल्या तर बराच फरक पडतो.

वासावर मात्र विसंबू नये. पदार्थ आंबवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा वेगळे असतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या जंतूंना वास येईलच असे नाही. आपल्याकडचे सर्वांत नेहमीचे उदाहरण भाताचे आहे. तांदळात बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. दुपारी केलेला भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिला, की त्या उबेत ते वाढू लागतात आणि विष तयार करतात. मग तो भात रात्री फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी खमंग फोडणी दिली, तरी उलट्या घडवणारे ते विष उष्णतेने नष्ट होत नाही. शिजवलेले अन्न २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे हा नियम त्यासाठीच आहे. ‘गरम ठेवले तर फ्रिज बिघडतो’ या समजुतीने लोक पातेले तासन्‌तास बाहेर ठेवतात. त्याऐवजी भात परातीत पसरावा, आमटी दोन लहान भांड्यांत काढून पाण्यात ठेवावी, वाफ गेली की झाकण लावून आत ठेवावी.

तेव्हा वीज ४ तासांहून जास्त वेळ गेली असेल, तर शिजवलेला भात, उसळी, दूध, पनीर, मासे आणि मटण यांबाबत मोह धरू नये. लोणचे, लोणी, जॅम, सॉस आणि अख्ख्या भाज्या-फळे यांना धोका नसतो. फ्रीजरमधल्या माशांवर अजून बर्फाचे कण दिसत असतील तर ते पुन्हा गोठवता येतात, मात्र चव उतरते.

फ्रिजमधले तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावे, आणि फ्रीजरमधले उणे १८. आतल्या कळीवर लिहिलेले आकडे हे अंश नसतात. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा जितका मोठा तितका थंडावा जास्त. खरे तापमान पाहायचे असेल तर मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या पेल्यात साधा थर्मामीटर, म्हणजे तापाचा नव्हे तर हवेचा किंवा स्वयंपाकघरातला, रात्रभर ठेवून सकाळी वाचावा.

वीज परत आल्यावर ती दोन-तीनदा ये-जा करणार असेल, तर फ्रिज लगेच चालू करू नये. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब समान व्हायला ३ ते ५ मिनिटे लागतात आणि त्याआधी तो सुरू करायला गेल्यास मोटरवर अतोनात ताण येतो. टाइम डिलेची सोय असलेला स्टॅबिलायझर हे काम आपोआप करतो.

प्रश्न : बर्फ सुरीने काढताना ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि तेव्हापासून फ्रिज थंड होत नाही. मागे ‘आर ६०० ए’ असे लिहिले आहे आणि पिवळ्या त्रिकोणात ज्वाला काढली आहे. मेकॅनिक गॅस भरून देतो म्हणतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : सुरीचे टोक ॲल्युमिनियमच्या पातळ नळीत घुसले आहे. त्या नळीतला ‘आर ६०० ए’ हा गॅस आयसोब्युटेन, म्हणजे घरगुती सिलिंडरमधल्या गॅसचाच जवळचा भाऊबंद आहे. ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारे जुने सीएफसी गॅस मॉन्ट्रियल करारानुसार बंद झाले, आणि पुढे हवामानाचा विचार करून अनेक कंपन्यांनी आयसोब्युटेन स्वीकारला. तो फ्रिजमध्ये अगदी थोडाच असतो म्हणून एरवी निर्धास्त राहावे, परंतु तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो आणि पेट घेऊ शकतो. असा आवाज पुन्हा कधी आला तर शेगडी विझवावी, खिडक्या-दारे उघडावीत आणि त्या खोलीतले कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये.

मेकॅनिकला एवढेच विचारावे : गळती आधी कशी बुजवणार? फ्रिजमधला गॅस वापराने संपत नाही, त्यामुळे छिद्र न बुजवता भरलेला गॅस म्हणजे वाया गेलेले पैसे. नळीत गॅस शिल्लक असताना तिच्यावर ज्योत धरणे धोक्याचे आहे, आणि याच कॉम्प्रेसरमध्ये ‘आर १३४ ए’ हा दुसऱ्या प्रकारच्या फ्रिजमधला गॅस भरणेही चुकीचे आहे. ज्याला या गॅसचे प्रशिक्षण आहे अशाच माणसाकडून, शक्यतो घराबाहेर मोकळ्या जागेत, काम करून घ्यावे. यापुढे बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेला की फ्रिज बंद करून दार उघडे ठेवावे आणि आत कोमट पाण्याचे भांडे ठेवावे. बर्फ आपोआप सुटतो.

प्रश्न : पालिकेचे कर्मचारी डेंग्यूच्या तपासणीसाठी आले आणि त्यांनी चक्क फ्रिजच्या मागे पाहिले. तिथे खरेच डास होतात का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : होतात. फ्रिजमध्ये वितळलेले पाणी एका छिद्रातून मागच्या ट्रेमध्ये उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उबेने वाळावे अशी रचना असते. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे ते वाळत नाही. स्वच्छ, स्थिर आणि अंधारातले पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हवेच असते. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्लग काढून ट्रे रिकामा करावा. नुसते ओतून देणे पुरेसे नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ट्रेच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने जगतात, त्यामुळे ट्रे ब्रशने घासलाच पाहिजे. ट्रे निघत नसेल तर स्पंजने पाणी टिपून कडा पुसून घ्याव्यात. भाज्यांच्या कप्प्याखाली पाणी साचत असेल तर ते छिद्र कोथिंबिरीच्या काड्यांनी तुंबलेले असते. प्लास्टिकची मऊ नळी घालून कोमट पाणी सोडावे.

फ्रिजपाशी आहात तोवर दाराच्या रबराच्या घड्याही उघडून पाहाव्यात. तिथे काळी बुरशी बसते, रबर ताठरते आणि फट पडते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे, मग दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहावी. ती सहज निसटली तर रबर बदलायची वेळ झाली आहे.

प्रश्न : वडिलांचे इन्शुलिन दाराच्या कप्प्यात ठेवतो. योग्य आहे ना?
– एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. न उघडलेल्या इन्शुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते, आणि दार उघडझाप होताना सर्वांत जास्त गरम होते. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, मागच्या भिंतीला आणि बर्फाच्या कप्प्याला न टेकेल असे ठेवावे. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी वापरू नये.

प्रश्न : कोथिंबीर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली तर चालते का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : टिकते, पण शाईतली रसायने ओल्या पानांना लागतात, आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत असे एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही बजावले आहे. निवडून, कोरडी करून, सुती पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवावी.

प्रश्न : नवा फ्रिज घेतला आहे. जुना भंगारात देईपर्यंत जिन्याखाली ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दार लावलेल्या स्थितीत एक दिवसही ठेवू नये. लपाछपी खेळताना मुले अशा फ्रिजमध्ये शिरतात आणि आत हवा पुरत नाही. कडीच्या दारांमुळे असे मृत्यू इतके होत असत, की अमेरिकेत १९५६ साली दार आतून उघडता आलेच पाहिजे असा कायदा करावा लागला. आजची दारे चुंबकाने बंद होतात, तरी बाहेरून काही टेकलेले असेल तर लहान मुलाला ती ढकलता येत नाहीत. बिजागरीचे स्क्रू काढून दार वेगळे करावे आणि आतल्या फळ्या तशाच राहू द्याव्यात, म्हणजे आत शिरायला जागा राहत नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या फ्रिजची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्राकडेच व्हायला हवी; जिथून नवा घेतला त्या दुकानात किंवा कंपनीकडे जुना परत घेण्याची सोय आहे का ते आधी विचारावे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे नळ्या कापून गॅस हवेत सोडला जातो, आणि आपल्या फ्रिजमध्ये ज्वालाग्राही गॅस असेल तर ते कापणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकते.