सही तर तुमचीच आहे

अनेक आशीर्वाद.

ग्राहक केंद्रात बसायला लागल्यापासून तुझा राग वाढलाय, हे चांगलंच आहे. फक्त तो बँकेत पॉलिसी विकणाऱ्या त्या पोरावर काढू नकोस. त्याला महिन्याचं टार्गेट आहे आणि त्याचा साहेब संध्याकाळी सात वाजता आकडे विचारतो. ‘एवढे नियम, एवढे नियामक, तरी विम्याच्या विक्रीत ही फसवणूक रोज कशी घडते?’ असं तू विचारलंस. त्याचं बरंचसं उत्तर तू पाठवलेल्या त्या मावशींच्या कागदांतच आहे.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. एफडीची मुदत संपली म्हणून नूतनीकरणाला गेल्या आणि पॉलिसी घेऊन घरी आल्या. या वयात त्यांच्या स्वतःच्या नावावर विमा बसेना, म्हणून विमा मुलाच्या आयुष्यावर आणि हप्ते भरणार आई. अर्जात वार्षिक उत्पन्न सहा लाख लिहिलंय, पेन्शन त्याच्या निम्मीही नाही. त्यांना सांगितलं तीन वर्षं भरायचंय, छापलंय दहा. लाभाच्या तक्त्यात 4 टक्के आणि 8 टक्के अशा गृहीत धरलेल्या परताव्याचे दोन रकाने, त्यातल्या 8 च्या रकान्याभोवती बॉलपेनने गोल. कंपनीचा खातरजमेचा फोन आला तेव्हा समोर बसलेल्या विक्रेत्याने हळूच सांगितलं, ‘सगळ्याला हो म्हणा.’ आणि शेवटी पानोपानी सही.

तक्ता, फोन, सही या तिन्ही गोष्टी ग्राहकाच्या रक्षणासाठीच आणलेल्या आहेत. त्या सगळ्या पार पडल्या, म्हणून तर कंपनीने एका ओळीत उत्तर दिलं: सही तर तुमचीच आहे. तू आता फोनचं रेकॉर्डिंग आणि भरलेल्या अर्जाची प्रत माग, पेन्शनचं पासबुक जोड. कंपनीने हात वर केलेच आहेत, तर सरळ विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. उत्पन्नाचा खोटा आकडा हीच तुझी सगळ्यात भक्कम बाजू आहे. तिथूनच सुरुवात कर.

आता मोठ्या प्रश्नाकडे येतो. 1875 च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या, ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यातलं एक कलम मला आजही थोर वाटतं. रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता कोर्टाने मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, मुद्दल किती, व्याज किती, हे उकरून काढावं, अशी त्यात सोय होती. हे काही इंग्रजांना कुणब्याचा पुळका आला म्हणून झालं नाही. 1857 विसरलं गेलं नव्हतं आणि त्यांना पुन्हा दंगा नको होता. दीडशे वर्षांपूर्वी अंगठ्याच्या मागे जायची मुभा होती, आणि आज सहीच्या मागे जायला आपल्याला भांडावं लागतं. पॉलिसी घेऊन फसलेले दंगा करत नाहीत. ते हप्ता बुडाला म्हणून गप्प बसतात, घरात सांगायलाही लाजतात.

खरी गोम इथे आहे. लाखो लोकांचं प्रत्येकी थोडं बुडतं आणि मोजक्या लोकांना भरपूर मिळतं. मोजक्यांची संघटना असते, दिल्लीत ओळख असते, प्रत्येक बैठकीला माणूस असतो. मावशी कुठल्याच बैठकीला नसतात.

2009-10 चा युलिपचा, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचा, तंटा एकदा मुळातून वाचून काढ. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांचा नियामक सेबी. त्याने 1 ऑगस्ट 2009 पासून फंडांचा एंट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापला जाणारा खर्च, बंद केला. विक्रेत्याला गुंतवणुकीतून आपोआप मिळणारे सव्वादोन टक्के गेले. युलिपमध्येही पैसा बाजारातच जायचा, पण विमा म्हणून त्यावरचं कमिशन कितीतरी जास्त. मग विक्रेते कुठे वळणार? 9 एप्रिल 2010 ला, शुक्रवारी, सेबीने 14 विमा कंपन्यांना आमच्या नोंदणीशिवाय युलिप विकायचे नाहीत असं बजावलं. दुसऱ्याच दिवशी विमा नियामकाने (आताचं आयआरडीएआय) त्याच कंपन्यांना सांगितलं, खुशाल विका. अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी आधी कोर्टात जाऊन सोडवा म्हटलं, आणि 18 जूनला वटहुकूम काढून युलिप विमा नियामकाच्या ताब्यात दिले. असे वाद सोडवायला अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समितीही आणली. रिझर्व्ह बँकेला ते रुचलं नाही आणि तिने ते लपवलंही नाही.

या सगळ्या भांडणात हद्द कोणाची, हाच प्रश्न गाजला. तरी ग्राहकाच्या पदरात काहीतरी पडलं. 1 सप्टेंबर 2010 पासून युलिपच्या खर्चावर मर्यादा आली, पैसे अडकून राहण्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. दोन नियामक भांडले नसते तर एवढंही झालं असतं का, मला शंका आहे. पण लगेच विक्रीचा रोख पारंपरिक, म्हणजे बाजाराशी न जोडलेल्या, पॉलिस्यांकडे वळला, कारण तिथे पहिल्या हप्त्यावर 35 टक्क्यांपर्यंत कमिशन कायद्यालाच मंजूर होतं. म्हणून एक सवय लाव. नवा नियम आला की तो कुठे लागू होत नाही, ते आधी बघ. पुढच्या वर्षीच्या तक्रारी तिथूनच येतील.

सरकार म्हणजे पंच, असंही समजू नकोस. सरकार एलआयसीचं मालक आहे, सरकारी बँकांचं मालक आहे, आणि विम्यात साठणारा लांब मुदतीचा पैसा त्याला स्वतःच्या कर्जरोख्यांसाठी हवा असतो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 2013 साली ग्राहकसंरक्षण केंद्रस्थानी ठेवून सगळे वित्तीय कायदे नव्याने मांडायची शिफारस केली, तक्रारींसाठी एकच दार सुचवलं. ते दार अजून बांधलेलं नाही. आपली जागा सोडायला कोण तयार होतं?

दुसरी बाजूही ऐकून घे. एजंटांची संघटना म्हणते, कमिशन काढलंत तर खेड्यात विमा पोचणार कोण? हे निव्वळ ढोंग नाही. एंट्री लोड गेल्यावर लहान शहरांत फंड विकणं कुणाला परवडेना, म्हणून 2012 साली सेबीलाच मोठ्या 15 शहरांबाहेरच्या पैशासाठी जादा खर्चाची सूट द्यावी लागली. (त्या सुटीचाही पुढे गैरवापर झाला, पण ते लांबण लावत नाही.) कमिशन असावं की नसावं यापेक्षा ते केव्हा मिळतं, यावर भांड. सगळं पहिल्या वर्षी मिळत असेल तर दुसऱ्या वर्षी ग्राहक राहिला काय, गेला काय, विकणाऱ्याला फरक पडत नाही.

हेच 2023-24 मध्ये पुन्हा दिसलं. मधेच पॉलिसी सोडणाऱ्याला बरेच जास्त पैसे परत मिळावेत, असा मसुदा विमा नियामकाने डिसेंबर 2023 मध्ये काढला. विमा कंपन्यांचे शेअर पडले, कंपन्यांनी हरकतींचा पाऊस पाडला, आणि मार्चमध्ये अंतिम नियम आले ते जवळपास जुनेच. वाटलं, संपलं. पण जूनमध्ये परिपत्रक निघालं आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून पहिलं वर्ष पूर्ण भरून सोडणाऱ्यालाही काही रक्कम द्यावी लागू लागली. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी विक्रेत्यांचं पहिल्या वर्षीचं कमिशन कमी केलं किंवा पुढे ढकललं.

तेव्हा तक्रारी सोडवतेस तशा त्या मोजायलाही लाग. वही कर: वय, उत्पन्न, काय सांगितलं, काय छापलं होतं, कुठल्या टेबलावर विकलं. बँकांना वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये विमा विकून मिळालेलं उत्पन्न वेगळं दाखवावं लागतं, ते आकडे शेजारी लिही. नव्या नियमाचा मसुदा येतो तेव्हा नियामक हरकती कलमवार तक्त्यात मागवतो: कलम, सुचवलेला बदल, कारण. तिथे चार पानं संताप लिहून उपयोग नाही. ‘अर्जातलं उत्पन्न विक्रेत्याने नव्हे, ग्राहकाच्या कागदावरून भरावं’ अशी एक ओळ आणि खाली तुझ्या वहीतली प्रकरणं, एवढं पुरे.

नियामकाच्या संकेतस्थळावर दर सोमवारी नजर टाकत जा. हरकतींची मुदत बहुधा दोन-तीन आठवड्यांचीच असते. मसुदा दिसला की लगेच पाठव, केंद्रातली जुनी प्रकरणं मी काढून ठेवतो.

तुझा,
काका