स्नायूंतील रायनोडीन ग्राहीवर काम सुरू करणाऱ्यास

तुम्ही इंदूरला राहून रायनोडीन ग्राहीवर, म्हणजे स्नायूपेशीत साठवलेले कॅल्शियम सोडणाऱ्या प्रथिनाच्या दारावर, काम करणारे नवे कीटकनाशक शोधण्याचा विषय घेतला आहे, तेव्हा चाचणीसाठी माळव्यातील सोयाबीनवर आढळणारी स्पोडोप्टेरा अळी निवडावी, असे मी सुचवेन. फ्लुबेंडिअमाइड आणि क्लोरँट्रानिलिप्रोल ही डायअमाइड गटातील कीटकनाशके अळीच्या स्नायूंतील रायनोडीन ग्राही उघडे ठेवतात. त्यामुळे स्नायूपेशीत साठवलेले कॅल्शियम झिरपत राहते, स्नायू आखडतात आणि अळी मरण्याच्या बऱ्याच आधी खाणे सोडते. म्हणून केवळ मेलेल्या अळ्या मोजू नका, खाल्लेल्या पानाचे क्षेत्रफळही मोजा. कीटकाचा ग्राही असलेल्या पेशींत कॅल्शियमदर्शक रंगद्रव्याने संकेत दिला, तरी संयुग आतड्यातून किंवा त्वचेतून स्नायूंपर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि माझ्या मते अनेक आशादायक रेणू इथेच गळतात. सस्तन प्राण्यांच्या ग्राहीवरील चाचणी मात्र शेवटी ढकलू नये. कीटकांच्या ग्राहीवर जोरदार आणि सस्तन प्राण्यांच्या ग्राहीवर अगदी कमी परिणाम करणे, या निवडकपणातच डायअमाइडांचे खरे मोल आहे, कारण वनस्पतिजन्य रायनोडीन आपल्यालाही विषारीच. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात ग्राहीच्या ४९४६ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले की डायअमाइडांचा प्रभाव फार घटतो. तेव्हा जुन्या रेणूच्या सांगाड्यावरचा एखादा क्लोरीन बदलून समाधान मानण्यापेक्षा ग्राहीवर वेगळ्या जागी बसणारे संयुग शोधा आणि ते प्रतिकारक अळ्यांवर लवकर तपासा.