जेंटूवर बिल्ड अडकलं तर

जेंटू हे असं लिनक्स, ज्यात प्रोग्राम बहुधा सोर्स-कोडपासून आपल्याच मशिनवर कंपाइल करतात; तेच बिल्ड. ते अडकलं तर लॉगची (बिल्डच्या नोंदींची) शेवटची ओळ वाचून घाबरू नकोस. ती एवढंच सांगते की बिल्ड फसलं. एकाच वेळी अनेक फायली कंपाइल होत असतात, म्हणून खरी चूक बरीच वर असते. बिल्ड-लॉगमध्ये वरून खाली 'एरर' शोध आणि पहिली खरी चूक वाच. 'किल्ड' आणि 'सीसी१प्लस' (सी++ कंपायलर) एकत्र दिसलं तर बहुधा कोडचा दोष नाही, रॅम संपली. दर जॉबला (एका वेळी चालणाऱ्या प्रत्येक कंपाइलला) साधारण २ जीबी धर. ८ जीबीच्या लॅपटॉपला मेकऑप्ट्स या सेटिंगमध्ये 'जे४' (एका वेळी चार जॉब) पुरे, कोअर आठ असले तरी.

पावसाळ्यात गुहागर-मालवणाकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. नेट चालू आहे तोवर 'इमर्ज' या पॅकेज बसवायच्या कमांडला 'फेचओन्ली' देऊन सोर्स आधी उतरवून ठेव. 'इमर्ज रिझ्यूम' यादी पुढे नेतो खरा, पण अर्धवट पॅकेज पुन्हा पहिल्यापासून बांधतो. फायरफॉक्सचं आधीच कंपाइल केलेलं 'बिन' पॅकेज घे, त्यात कमीपणा नाही. इन्व्हर्टरच्या जिवावर ब्राउझर कंपाइल करणं म्हणजे हौसच!

पॅकेज बसलं, तरी 'कमांड नॉट फाउंड'? 'एन्व्ह-अपडेट' चालव, मग त्याच खिडकीत ईटीसी फोल्डरमधली प्रोफाइल फाइल 'सोर्स' कमांडने वाचून घे, म्हणजे नवे पाथ लागू होतील. बॅश (तुझ्या कमांड चालवणारा शेल) कमांडचा जुनाच पत्ता धरून बसला असेल तर 'हॅश -आर' दे.

शेल बदलताना 'सीएचएसएच' या कमांडला दिलेला पूर्ण पाथ ईटीसीतल्या शेल्स फाइलमध्ये आहे ना, ते बघ. नव्या टर्मिनलात लॉगिन होईपर्यंत रूटची (अ‍ॅडमिन खात्याची) जुनी खिडकी बंद करू नकोस.