अर्जुनसालीवर संशोधन झालंय, पण गोळ्या सोडू नका

चढावर वडिलांच्या छातीत दाटतं, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, आणि कुणीतरी म्हणतंय, "अर्जुनसालीचा काढा घ्या, यावर संशोधन झालंय, गोळ्या हळूहळू सोडा." तुमची पोस्ट वाचली आणि सासरे आठवले. त्यांनाही हेच सांगितलं होतं.

संशोधन झालंय हे खरं. २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात स्थिर अंजायनाच्या (श्रम केले की हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) ५८ पुरुषांना सालीचा ५०० मिलिग्रॅम अर्क दर आठ तासांनी, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट (अंजायनावरचं नेहमीचं नायट्रेट औषध) आणि औषध नसलेली गोळी असं आलटूनपालटून दिलं. अर्कावर असताना दुखणं कमी झालं, ट्रेडमिलवर जास्त वेळ चालता आलं. फरक जवळपास नायट्रेटइतकाच.

याचीच हायलायटरने रंगवलेली झेरॉक्स आम्हाला एका 'हृदयशुद्धी' केंद्रात दाखवली. एक ओळ तेवढी कोरी होती: प्रत्येक औषध फक्त आठवडाभर दिलं होतं. ब्लॉकेज कमी झालं का, पुढचा अटॅक टळतो का, हे एका आठवड्यात कळणार तरी कसं? तरी तिथे ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करवली. या गोळ्या दुखणं थांबवायला नसतातच. एक गुठळी होऊ नये म्हणून, दुसरी ब्लॉकेज वाढू नये म्हणून. त्यामुळे सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि माणसाला वाटतं, काढ्यानेच भागतंय.

पुढे बसल्या जागी दुखायला लागलं, दरदरून घाम. केंद्राला फोन केला तर उत्तर काय, "विष बाहेर पडतंय, काढा दुप्पट करा." अजूनही डोकं फिरतं. सासरे वाचले, पण हृदयाचं पंपिंग घसरलं. त्यावरही लोकांनी अर्जुनच सुचवला! एम्सच्या १०० रुग्णांवरच्या अभ्यासात (२०१६) १२ आठवड्यांनंतरही अर्काने पंपिंग सुधारलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, आयुर्वेदावर रागही नाही. हृद्रोगात अर्जुन प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटापासून सांगितलाय, आणि आमच्या नेहमीच्या वैद्यांनी गोळ्या सोडायला कधीच सांगितलं नाही. माझं मत विचाराल तर जो पहिल्याच भेटीत गोळ्या बंद करतो त्याच्याकडे परत जाऊ नये. काढा घ्यायचाच असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगून, गोळ्यांच्या जोडीने. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला तर थेट १०८.

वडिलांना मधुमेह असेल तर अर्जुनारिष्टाची बाटली घेण्याआधी विचारा. त्यात गूळ असतो, आणि आंबवल्यामुळे थोडं अल्कोहोलही.