नवा शॉकअप गळतोय, दुकानदार आणि गॅरेजवाला एकमेकांवर ढकलतायत

प्रश्न: कोल्हापुरात राहतो. पुण्याच्या दुकानातून कारचे पुढचे दोन्ही शॉकअप मागवून उद्यमनगरात बसवून घेतले. तीन महिन्यांत डावा गळू लागला. दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं, गॅरेजवाला म्हणतो मालच खराब. दाद कुणाकडे मागू?

उत्तर: दोघांकडे, एकाच तक्रारीत. दोष कुणाचा हे तुम्ही आधी ठरवायची गरज नाही. पण शॉकअप घाईने खोलू नका; तुमचा खरा पुरावा तोच आहे.

आधी गळती खरी आहे का पाहा. अंगावर नुसता तेलकट थर आणि धूळ असेल तर तो दोष नव्हे. ओघळ किंवा थेंब हवेत. गाडी स्टँडवर घेऊन चाक लोंबकळू द्या, धूळ अडवणारं रबर सरकवून शॉकअपची आत-बाहेर सरकणारी दांडी बघा. वरचा नट आवळताना दांडी पक्कडीने धरली असेल तर क्रोमवर ओरखडे दिसतात, आणि तेच पुढे तेल अडवणारं सील फाडतात. हे काम गॅरेजचं. दांडी गुळगुळीत आणि तरीही तेल, तर संशय मालावर. रिम चेपलेली किंवा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) वाकलेला निघाला, तर मात्र दोघेही खड्ड्यावर ढकलतील आणि केस लंगडी पडेल.

फोटो काढून दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस द्या: १५ दिवसांत बदलून द्या, नाहीतर अमुक तारखेला शॉकअप काढू, हजर राहा. त्या दिवशी व्हिडिओ करा, मेकॅनिककडून लेखी निरीक्षण घ्या आणि दोन्ही शॉकअप न पुसता जपून ठेवा. ग्राहक आयोगाला वाटल्यास ते प्रयोगशाळेत पाठवता येतात. नवे बसवताना जोडीनेच बसवा; अलाइनमेंटचं बिलही नुकसानीत धरा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्हाला पुण्याला जावं लागत नाही. राहत्या ठिकाणी, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. मुदत दोन वर्षं, माल आणि कामासाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. गॅरेजने बिल दिलं नसेल तर लेखी मागा आणि यूपीआयची नोंद जोडा. बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. वॉरंटी कार्डावर अधिकृत फिटरची अट आहे का, तेवढं नोटिशीआधी वाचून घ्या.