मध्यांत्राच्या पेशीत पाचक एन्झाइमचा साठा असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही तास उपाशी ठेवलेल्या अळीच्या मध्यांत्राच्या (अन्ननलिकेच्या मधल्या, पचनाच्या भागाच्या) पेशींत ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम जेमतेम सापडलं, पोकळीतल्या द्रवात मात्र भरपूर होतं, तर प्रयोग चुकला का? नाही चुकला. आपण मनात स्वादुपिंड धरून बसतो, तिथे घोळ होतो. स्वादुपिंडाच्या पेशी एन्झाइमचे कण भरून ठेवतात आणि संकेत मिळाला की सोडतात. कीटकाच्या मध्यांत्रात असं मोठं कोठार सहसा नसतं. पेशी एन्झाइम बनवते, बारीक पुटिकांत (पेशीतल्या इवल्याशा पिशव्यांत) भरते आणि बाहेर सोडून मोकळी होते.

मग उपाशी अळीच्या पोकळीत ते टिकतं कसं? त्यासाठी एकदा स्वतः बघाच. अळी थंड सलाइनमध्ये उघडा आणि मध्यांत्र हलक्या हाताने उभं चिरा. चावलेल्या पानाभोवती एक झिरझिरीत पारदर्शक नळी दिसेल. चिमट्याने टोक धरलं तर अख्खी सुटून येते. हे कायटिन आणि प्रथिनांचं परिपोषी पटल. त्याच्यामुळे पोकळीचे दोन भाग होतात: पटलाच्या आत अन्न, आणि पटल व पेशी यांच्यामध्ये अरुंद फट. ब्राझीलमधले वॉल्टर टेरा आणि क्लेलिया फेरेरा यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार या फटीतून पाणी मागून पुढे वाहतं आणि आतून बाहेर आलेली एन्झाइम पुन्हा पुढच्या भागात नेतं. त्यामुळे विष्ठेतून ती फारशी वाया जात नाहीत. मला ही मांडणी फार पटते, कारण सतत खाणाऱ्या प्राण्याला दर घासाला सगळं नव्याने बनवणं परवडणारं नाही. म्हणून पुढच्या वेळी पटलातला ऐवज, फटीतला द्रव आणि धुतलेली ऊती, तिन्ही वेगवेगळी मोजा. आत्ता तुमची पहिली दोन एकत्र झाली आहेत.

स्राव सुरू कशाने होतो, हे डासाच्या मादीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. एडिस इजिप्टाय स्वतःच्या वजनाएवढं किंवा त्याहून जास्त रक्त एका दमात पिते. सुरुवातीच्या ट्रिप्सिनचा आरएनए रक्त पिण्याआधीच पेशीत तयार असतो, किशोर संप्रेरक या कीटकांच्या हार्मोनच्या प्रभावाने. प्रथिन मात्र रक्त आल्यावर बनतं. म्हणजे साठवायचंच तर एन्झाइम नाही, त्याची कृती साठवलेली असते! पुढे उशिराचं ट्रिप्सिन येतं, साधारण 24 तासांच्या आसपास सर्वाधिक होतं, आणि पचनाचा मुख्य भार तेच उचलतं. किती बनेल हे बऱ्याच अंशी पोटात किती प्रथिन आलं यावर ठरतं.

जुन्या पुस्तकांत पेशी फुटून स्राव होतो असं वाचाल. तसं चित्र बऱ्याचदा मरणाऱ्या पेशींचं किंवा ऊती नीट न टिकवल्याचं असतं. पतंगांच्या अळ्यांत मध्यांत्राच्या पुढच्या भागातल्या सूक्ष्मांकुरांवरून (पेशीच्या पृष्ठभागावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांवरून) पुटिका तुटून सुटतात, ते मात्र खरं आहे.

एक गोष्ट राहिली, बफर, म्हणजे मोजताना पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. पतंगांच्या अळ्यांचं मध्यांत्र फार अल्कधर्मी असतं, पीएच 10 च्या आसपास किंवा वर. 7 ला मोजलंत तर ट्रिप्सिन उगाच कमी दिसेल. भुंगेऱ्यांवर गेलात तर उलट: अनेकांत मध्यांत्र किंचित आम्लधर्मी असतं आणि काम सिस्टीन प्रोटिएझ (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा दुसरा गट) करतात. तिथे पीएच 5 ते 6 घ्या आणि बफरमध्ये डीटीटी हे क्षपणकारक रसायन घाला, नाहीतर ती एन्झाइम मंदावतात.