आदित्य ठाकरे पर्यावरणाकडे कसे वळले?

आदित्य ठाकरेंना पर्यावरणाचं वेड कुठून लागलं असं विचारलंय, तर माझ्या मते घरातूनच, म्हणजे वडील वाइल्डलाइफ फोटोग्राफी करणारे, धाकटा भाऊ तेजस सह्याद्रीत खेकडे शोधत फिरणारा, मग जेवताना तेच विषय निघत असणार ना! शिक्षण इतिहास आणि लॉ. २०१९ ला वरळीतून आमदार आणि लगेच पर्यावरणमंत्री, तेव्हा वय २९. आरेचं सुमारे ८०० एकर जंगल राखीव, २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान, ही त्या काळातली कामं.

आमचं नाशिकचं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य पण २०२० च्या जानेवारीतच रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, पण ती प्रोसेस आधीचीच, उगाच श्रेय कशाला द्यायचं. बाकी थंडीत पहाटे तिथल्या चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर जाऊन बसा, धुक्यातून आधी बदकांचा नुसता कलकलाट येतो, पक्षी दिसतात नंतर.